चुन्याखालचे संत

आम्हीं सुमारें तीस वर्षें एका शाळेंत इतिहास शिकविला. युरोपांतील धर्मसुधारणेचें प्रकरण निघालें म्हणजे वर्गाला हसविण्याचें एक हुकमी साधन आमच्यापाशीं असे. तें म्हणजे ब्रे गांवच्या पाद्र्याची गोष्ट. इंग्लंडांत सोळाव्या शतकांत राजा बदलला कीं धर्म बदले, आणि राज्याचा धर्म बदलला कीं हा पाद्रीही आपला धर्म बदली. कोणीं त्याला विचारलें, "बाबा रे, तुला कांहीं तत्त्व आहे कीं नाहीं?" तर तो म्हणे, "आहे तर! या गांवचा पाद्री म्हणूनच मरावयाचें, हें माझें तत्त्व. तें मीं कधीं सोडलें नाहीं." एवढें सांगून होईपर्यंत मुलें खो खो हसत, आम्हीही त्यांच्यांत सामील होऊं, आणि बहुधा त्याच सुमारास तास संपल्याची घंटा होई. गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, हा विचार आमच्या मनांत कधीं आला नाहीं. त्या पाद्र्याला हसण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा त्याहून मोठा विचार. तोही आला नाहीं. पुढें तो आला, आणि कसा आला हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

दोन वर्षांपूर्वीं मुलीकडे नॉरिच येथें उन्हाळ्याचे दोन महिने राहण्याचा योग आला. लंडनचे राजवाडे, मनोरे, पुतळे सारें यथासांग पाहून झालें. एके दिवशीं मुलगी म्हणाली, "बाबा, आतां तुम्हांला एखादें साधें खेड्यांतलें देऊळ दाखवितें. तिथें गर्दी नसते." नॉरफोक परगण्याच्या उत्तरेस समुद्रापासून थोड्या अंतरावर बिनहॅम म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें एके काळीं बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ होता. १५३९ सालीं आठव्या हेन्रीच्या अंमलांत तो बंद झाला. मठाच्या इतर इमारतींचे आज अवशेषच उरले आहेत. मोठ्या देवळाचा मधला भाग तेवढा गांवकऱ्यांच्या उपासनेसाठीं राहिला, तो अजून वापरांत आहे. आम्ही आंत गेलों तेव्हां खरोखरच तेथें दुसरें कोणी नव्हतें.

जुन्या इंग्रजी देवळांत लोकांची बसण्याची जागा आणि वेदीचा गाभारा यांच्यामध्यें एक कोरीव लाकडी आडपडदा असे, व त्याच्या खालच्या फळ्यांवर संतांचीं रंगीत चित्रें काढलेलीं असत. बिनहॅमच्या अशा पडद्याच्या कांहीं फळ्या तेथें जपून ठेविल्या आहेत. धर्म बदलला तेव्हां त्या फळ्यांवर चुन्यासारखा पांढरा हात देण्यांत आला, आणि त्या पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या टोंकदार अक्षरांत इंग्रजी बायबलांतील वचनें लिहिण्यांत आलीं. परंतु मधल्या शतकांत तो पांढरा रंग ठिकठिकाणीं झडला आहे. आज तेथें उभें राहिलें म्हणजे ओळी वाचतां वाचतां मध्येंच एखादा डोळा आपणांकडे पाहतो. दोन शब्दांच्या मधून वस्त्राची लाल किनार दिसते. एका फळीवर तर दुःखी ख्रिस्ताचा चेहरा अक्षरांच्या मागून वर आलेला आहे. वचनेंही पुरतीं वाचतां येत नाहींत आणि संतही पुरते दिसत नाहींत.

मुलीनें विचारलें, "बाबा, हें पुसायला कोणीं सांगितलें?"

"राजानें," आम्हीं शिक्षकाच्या तत्परतेनें उत्तर दिलें.

"तें खरें, पण पुसलें कोणीं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. राजा कांहीं हातांत कुंचला घेऊन बिनहॅमला आला नसेल. ज्या गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून हे संत रंगविले, त्याच गांवच्या कोणाच्या तरी हातांनीं ते झांकले गेले असले पाहिजेत. आम्हीं तीस वर्षें हेन्री, पोप आणि पार्लमेंट शिकविलें. तो कुंचला धरणारा हात मात्र आमच्या एकाही तासाला आला नव्हता.

राजाची गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु तिचा जो भाग आमच्या विषयाला लागू पडतो तो थोडक्यांत सांगतों. हेन्री १५०९ सालीं गादीवर आला. त्याचा थोरला भाऊ आर्थर १५०२ सालींच वारला होता, आणि त्या भावाची विधवा कॅथरीन हिच्याशीं हेन्रीनें पोपच्या खास परवानगीनें लग्न केलें होतें. हा राजा प्रारंभीं रोमचा मोठा अभिमानी. लूथरच्या मतांचें खंडन करणारा एक लॅटिन ग्रंथ १५२१ सालीं त्याच्या नांवावर प्रसिद्ध झाला, आणि संतुष्ट होऊन पोप दहावा लिओ यानें त्याला 'धर्मरक्षक' ही पदवी दिली. पुढें राजानें पोपला सोडलें, पण पोपनें दिलेली पदवी सोडली नाहीं. १५४४ सालीं पार्लमेंटकडून ती कायद्यानें आपल्या वंशास जोडून घेतली. मुलीनें पर्समधून एक नाणें काढून आमच्या तळहातावर ठेविलें. राजाच्या नांवापुढें त्या पदवीचीं दोन आद्याक्षरें अजून तशींच आहेत.

कॅथरीनपासून झालेल्या अपत्यांपैकीं १५१६ सालीं जन्मलेली मेरी ही एकच कन्या जगली. राजाला पुत्र हवा होता, आणि त्याचें मन अ‍ॅन बोलीन या दरबारांतील तरुणीवर जडलें होतें. याच सुमारास बायबलांतील भावाच्या स्त्रीविषयींचा निषेध त्याच्या मनाला टोंचूं लागला. ही टोंचणी खरी कीं सोयीची, हा वाद जुना आहे. आम्हांस वाटतें, ती दोन्ही असावी. माणसाची सद्सद्विवेकबुद्धि आणि त्याची इच्छा एकाच बाजूला उभ्या राहिल्या म्हणजे त्यांतली कोणती बोलते आहे हें त्या माणसालाही ओळखूं येत नाहीं. पोपनें लग्न रद्द करावें अशी राजाची मागणी होती. पण कॅथरीन ही सम्राट पांचव्या चार्ल्सची मावशी, आणि १५२७ सालीं त्याच सम्राटाच्या फौजेनें रोम शहर लुटून पोपला कैदेंत टाकल्यासारखें केलें होतें. पोपचा निकाल लांबत गेला. शेवटीं १५३३ सालीं रोमकडे अपील नेण्यास कायद्यानें बंदी झाली, आर्चबिशप क्रॅन्मर यानें कॅथरीनचें लग्न रद्द ठरविलें, आणि त्याच वर्षीं अ‍ॅनला एलिझाबेथ ही कन्या झाली. १५३४ सालीं पार्लमेंटनें राजा हाच इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य असें जाहीर केलें.

येथपर्यंत ही राजघराण्यांतील भानगड म्हणतां आली असती. तिचें रूप बदललें तें शपथेमुळें. नवीन वारसा मान्य असल्याची शपथ देशांतील सर्व प्रौढ पुरुषांकडून घ्यावी असा कायदा झाला. आणि राजाच्या पदव्या दुष्ट हेतूनें नाकारणें, मग तें केवळ शब्दांनीं कां असेना, हा राजद्रोह ठरला. पूर्वींच्या राजांनीं प्रजेजवळ कर मागितला, शिपाई मागितले. या राजानें प्रजेजवळ तिचें मत मागितलें, आणि तेंही शपथेवर.

टॉमस मोर हा या राजाचा चॅन्सेलर, विद्वान् आणि कायदेपंडित. १५३२ सालीं त्यानें अधिकार सोडला व तो घरीं बसला. १५३४ च्या एप्रिलांत त्याला शपथेसाठीं बोलावलें, तेव्हां त्यानें ती घेतली नाहीं. पण कां घेत नाहीं हेंही सांगितलें नाहीं. मौन हा गुन्हा होऊं शकत नाहीं, उलट कायद्याच्या दृष्टीनें मौन म्हणजे संमति, हा त्याचा आधार होता. राजाला तें मौन सहन झालें नाहीं. ज्या माणसाचें नांव साऱ्या युरोपांत आदरानें घेतलें जात होतें, त्याचें गप्प बसणें दुसऱ्याच्या आरडाओरडीहून मोठ्यानें ऐकूं येत होतें. एका साक्षीदारानें खासगी संभाषणाचा हवाला दिला, आणि १५३५ च्या जुलैच्या ६ तारखेस मोरचा शिरच्छेद झाला. याच मोरच्या अधिकारकाळांत पाखंडी ठरलेल्या कांहीं माणसांना जिवंत जाळण्यांत आलें होतें, आणि त्याचें त्याला वैषम्य वाटल्याचें दिसत नाहीं. त्याची सद्सद्विवेकबुद्धि त्याला प्राणाहून प्रिय होती; दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला ती किंमत त्यानें दिली नाहीं. त्या काळांत ती देणारे फारच थोडे.

राजा पोपचा शत्रु झाला म्हणून लूथरचा मित्र झाला असें मात्र नव्हे. १५४० च्या जुलैच्या ३० तारखेस लंडनच्या स्मिथफील्ड मैदानांत सहा माणसांना एकाच दिवशीं मारण्यांत आलें. तिघे नव्या मताचे. ते पाखंडी म्हणून जाळले गेले. तिघे जुन्या मताचे. ते राजाचें धर्मप्रमुखत्व मानीत नाहींत म्हणून राजद्रोही ठरले व फांसावर चढले. दोन्ही पक्षांना एकच न्याय! धर्म कोणता हा प्रश्न त्या मैदानांत गौण होता. धर्म कोणता हें ठरवावयाचें कोणीं, हा मुख्य होता. बायबलाचीही तीच गत. ज्या विल्यम टिंडेलला १५३६ सालीं परदेशांत गळा दाबून जाळलें, त्याच्याच भाषांतराचा मोठा भाग घेऊन सिद्ध झालेलें इंग्रजी बायबल १५३९ सालीं राजाच्या संमतीनें निघालें आणि प्रत्येक देवळांत ठेवविलें गेलें. चारच वर्षांनीं, १५४३ सालीं, शेतकरी, कारागीर, शिकाऊ उमेदवार, मजूर आणि सामान्य स्त्रिया यांनीं तें वाचूं नये असा कायदा झाला. राजानेंच उघडलेलें पुस्तक राजानेंच पुन्हा मिटविलें.

बिनहॅमहून आम्ही वॉल्सिंगहॅमला गेलों. तें तेथून फार दूर नाहीं. मध्ययुगांत हें इंग्लंडचें मोठें तीर्थक्षेत्र. मेरीमातेच्या तेथील मूर्तीच्या दर्शनाला राजापासून रंकापर्यंत सारे जात. १५११ च्या जानेवारींत हेन्रीला पुत्र झाला तेव्हां तो स्वतः येथें यात्रेला आला होता. तो पुत्र दोन महिनेही जगला नाहीं. पण मातेपुढें राजाच्या नांवाची मेणबत्ती पुढें कित्येक वर्षें राजाच्या खर्चानें जळत होती. १५३७ सालीं मठ बुडणार या भयानें तेथील कांहीं लोकांनीं उठावाचा बेत केल्याचें उघडकीस आलें, आणि मठाच्या उपप्रमुखासह अनेकांना फांशीं दिलें. १५३८ सालीं मूर्ति लंडनला नेऊन जाळण्यांत आली. आज तेथें हिरवळीवर मठाच्या पूर्वेकडील भव्य खिडकीची कमान तेवढी आकाशांत उभी आहे. विसाव्या शतकांत यात्रा पुन्हा सुरू झाली. रोमन पंथाचें आणि इंग्लंडच्या चर्चचें अशीं दोन निरनिराळीं स्थानें तेथें आहेत. हजारों लोक येतात. आम्हीही त्या कमानीखालीं घटकाभर बसलों.

तेथें बसल्या बसल्या आम्हांस दुसऱ्या एका गांवाची आठवण झाली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत मोरबाथ नांवाचें एक डोंगराळ खेडें आहे. सोळाव्या शतकांत तेथें अवघीं तेहतीस कुटुंबें होतीं. या खेड्याचें भाग्य असें कीं, त्याचा पाद्री ख्रिस्तोफर ट्रिकी यानें देवळाचा जमाखर्च बारकाईनें लिहून ठेविला आणि तो आजवर टिकला. इतिहासकार ईमन डफी यांनीं त्यावर लिहिलेलें पुस्तक २००१ सालीं प्रसिद्ध झालें; तें मुलीच्या घरीं आमच्या वाचनांत आलें होतें. हा ट्रिकी १५२० सालीं मोरबाथला आला आणि १५७४ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिला. म्हणजे पोपला मानणारा हेन्री, पोपला न मानणारा हेन्री, कडवा सुधारक एडवर्ड, कडवी कॅथलिक मेरी आणि मधला मार्ग काढणारी एलिझाबेथ, इतक्या राजवटी त्यानें त्याच देवळांत काढल्या. थोडक्यांत, आम्ही वर्गांत ज्याला हसत होतों तोच हा माणूस. फक्त याची गोष्ट रचलेली नव्हती, याची वही होती.

या वहींत काय आहे? देवळाच्या मालकीच्या मेंढ्या गांवकऱ्यांच्या कळपांत ठेविलेल्या असत. त्यांच्या लोकरीच्या उत्पन्नावर संतांच्या पुढचे दिवे चालत. कोणाकडे किती मेंढ्या, कोणती मेली, हें सारें त्यांत आहे. ट्रिकीची एक हौस होती: मृतांसाठीं करावयाच्या प्रार्थनेच्या वेळीं घालण्यास काळीं वस्त्रें असावींत. त्यासाठीं त्यानें वीस वर्षांच्या जवळपास थोडे थोडे पैसे सांठविले. तीं वस्त्रें आलीं १५४७ सालीं. आणि त्याच वर्षीं नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला. थोड्याच काळांत मृतांसाठींच्या त्या जुन्या प्रार्थनाच रद्द झाल्या. मूर्ति गेल्या, दिवे विझले, मेंढ्याही विकल्या गेल्या. १५४९ सालीं नवें इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचें झालें तेव्हां डेव्हन आणि कॉर्नवॉल हे परगणे बंड करून उठले, व त्यांनीं एक्झेटर शहराला वेढा घातला. मोरबाथनें आपले पांच तरुण बंडखोरांच्या छावणीकडे धाडले, आणि त्यांच्या खर्चाची नोंद देवळाच्या जमाखर्चांत आहे. बंड मोडलें, हजारों माणसें मारलीं गेलीं. पुढें १५५३ सालीं मेरी राणी झाली, तेव्हां लपवून ठेविलेल्या वस्तु गांवकऱ्यांनीं आपापल्या घरांतून काढून देवळांत परत आणून दिल्या: कोणी मूर्तीचा भाग, कोणी पुस्तक, कोणी वस्त्र. १५५८ सालीं एलिझाबेथ आली. पुन्हा सारें उतरविण्यांत आलें. ट्रिकी तेथेंच राहिला. त्यानें गांवांतल्या नव्या मुलांना बाप्तिस्मा दिला, म्हाताऱ्यांना पुरलें, आणि वही लिहिली.

हें वाचतांना आमचें मन वारंवार गोमंतकांत जाई, कारण आमचें कुलदैवत श्रीमंगेश. मोरबाथचे संत खालीं उतरत होते त्याच वर्षांत पोर्तुगीज राजाच्या अंमलाखालील गोव्यांत देवळें पाडलीं जात होतीं. १५६० सालीं कुशस्थळीचा मंगेश त्याच्या भक्तांनीं नदी ओलांडून पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर प्रियोळ येथें नेला. इंग्लंडांत कॅथलिकांचे संत गेले, गोव्यांत कॅथलिक राजाच्या अंमलांत आमचे देव गेले. प्रजेचा देव कोणता हें राजानें ठरवावें, हा त्या शतकाचा न्याय दोहींकडे सारखाच होता. आमच्या लहानपणीं आजी सांगे कीं, देव नेणारे नेले तसे मागें राहिलेलेही कित्येक होते. जमीन सोडवेना, म्हातारे आईबाप हलवेनात, म्हणून राहिले आणि बाटले. त्यांच्याविषयीं बोलतांना तिच्या स्वरांत तिरस्कार नसे. "राहिले ते आपलेच," एवढेंच ती म्हणे. त्या वेळीं या वाक्याचा अर्थ आम्हांस कळला नव्हता.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत एक वडीलधारे गणिताचे शिक्षक होते. चालकांपैकीं एकाच्या नात्यांतील मुलाचे गुण वाढवून द्यावेत असा निरोप त्यांना आला. त्यांनीं तो मानला नाहीं. पुढें महिन्याभरानें त्यांच्या वर्तनाविषयीं एक तक्रारअर्ज तयार झाला, आणि त्याखालीं सर्व शिक्षकांनीं सह्या कराव्यात असें सुचविण्यांत आलें. अर्जांतील मजकूर खोटा आहे हें आम्ही सारे जाणून होतों. कागद शिक्षकांच्या खोलींत टेबलावर ठेविलेला होता. त्याच्याजवळ कोणी उभें नव्हतें, कोणीं धमकी दिली नव्हती. आम्ही नुकतेंच घरासाठीं कर्ज काढलें होतें, आणि मुलगी सहा महिन्यांची होती. आम्हीं सही केली. एकंदर चौदा सह्या झाल्या. पंधरावी झाली नाहीं; ती चित्रकलेच्या शिक्षिकेची. ती आमच्यांत सर्वांहून लहान, नोकरी कायम न झालेली. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें कागद वाचला, टेबलावर नीट सरळ ठेविला आणि ती तासाला निघून गेली. वर्षअखेर तिची नोकरी संपली. गणिताचे शिक्षक निवृत्तीला दोन वर्षें उरलीं असतां राजीनामा देऊन गांवीं गेले. त्याच महिन्यांत आम्हीं नववीच्या वर्गाला ब्रे गांवच्या पाद्र्याची गोष्ट सांगितली आणि मुलें हसलीं.

वॉल्सिंगहॅमच्या हिरवळीवर आम्हांला प्रथम सुचलें तें समाधानाचेंच. ट्रिकी वाकला, आम्ही वाकलों. सामान्य माणूस असाच असतो. मोर होणें सर्वांच्या नशिबीं नसतें. परंतु थोडा विचार करतां हें समाधान टिकलें नाहीं. ट्रिकी वाकला तो आपल्या अंगावर झेलून. ज्या वस्त्रांसाठीं त्यानें वीस वर्षें कवडी कवडी जमविली तीं त्यानें गमावलीं, पण तेहतीस कुटुंबें सोडलीं नाहींत. दुसऱ्या कोणाच्या विरुद्ध खोटी साक्ष देऊन त्यानें आपली जागा राखल्याचें त्या वहींत कोठें आढळत नाहीं. वाकणें आणि दुसऱ्याला वाकविण्यासाठीं हात देणें, या दोहोंत अंतर आहे. राजसत्तेला अनेक वेळां पहिल्यापेक्षां दुसऱ्याचीच गरज असते. मोरला मारावयाला देखील एक साक्षीदार लागलाच. आणि साक्षीदार मिळाला.

त्या दिवसांतील सर्वांत विलक्षण शेवट आर्चबिशप क्रॅन्मरचा. हेन्रीचें लग्न मोडणारा तो, आणि एडवर्डच्या वेळचें इंग्रजी प्रार्थनापुस्तक मुख्यतः त्याच्याच हातचें. मेरीच्या पांच वर्षांत सुमारें दोनशें ऐशीं माणसें धर्मासाठीं जाळलीं गेलीं. क्रॅन्मरला ऑक्सफर्ड येथें कैदेंत ठेवून त्याच्याकडून आपलीं मतें चुकीचीं असल्याच्या कबुलीवर एकामागून एक सह्या घेण्यांत आल्या. त्यानें त्या केल्या. तो म्हातारा आणि भ्यालेला होता. तरीही राणीनें त्याला जाळण्याचेंच ठरविलें. १५५६ च्या मार्चच्या २१ तारखेस सर्वांपुढें शेवटची कबुली देण्यासाठीं त्याला उभें केलें असतां त्यानें त्या सह्याच मागें घेतल्या, आणि सही करणारा उजवा हात प्रथम जळेल असें सांगितलें. त्याप्रमाणें त्यानें तो स्वतः ज्वाळेंत धरला. हा प्रसंग आम्हीं वर्गांत अनेकदां रंगवून सांगितला आहे. सही करणारा हात म्हणजे काय, हें मात्र तो सांगतांना एकदांही आमच्या ध्यानांत आलें नाहीं. इंग्लंडलाही या सर्वांतून बाहेर पडण्यास फार काळ लागला. भिन्नमताच्या प्रॉटेस्टंटांना उपासनेची मोकळीक १६८९ सालीं मिळाली. कॅथलिकांना पार्लमेंटचें दार १८२९ सालीं उघडलें. २०२५ च्या ऑक्टोबरांत राजा तिसरा चार्ल्स यानें रोममध्यें पोपसमवेत जाहीर प्रार्थना केली. ही वार्ता आम्हीं पुण्यास वाचली तेव्हां बिनहॅमच्या फळ्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या.

इंग्लंडहून परत आल्यावर आम्हीं एक गोष्ट केली. ती पस्तीस वर्षें आधीं करावयास हवी होती. गणिताचे शिक्षक हयात आहेत. वय अठ्ठ्याऐंशीं, कोंकणांत आपल्या गांवीं मुलाजवळ असतात. आम्ही त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं आम्हांस ओंसरीवर बसविलें, चहा झाला, प्रवासाची विचारपूस झाली. आम्हीं सहीची गोष्ट काढली तेव्हां ते म्हणाले, "अहो मास्तर, चौदा जणांनीं केली. तुमची एकट्याची कशाला आठवतां?" आम्हीं म्हटलें, "मला माझी एकट्याचीच आठवावयाची आहे." यावर ते गप्प बसले.

कांहीं तरी बोलावयाचें म्हणून आम्हीं बिनहॅमच्या फळ्यांचें छायाचित्र त्यांच्या हातीं दिलें आणि त्याची हकीकत सांगितली. चष्मा पुसून त्यांनीं तें पुष्कळ वेळ निरखलें. मग विचारलें, "हा चुना दिला कोणीं म्हणालांत?"

"हुकूम राजाचा, पण हात गांवांतल्याच कोणाचा तरी असला पाहिजे."

"गांवांतलाच ना? मग पातळ दिला असेल," ते म्हणाले, आणि छायाचित्र परत देऊन त्यांनीं नातवाला आणखी चहा आणावयास सांगितलें.

हें ते बिनहॅमच्या रंगाऱ्याविषयीं बोलले कीं आम्हांविषयीं, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्यांचें मन मोठें आहे, हें पूर्वींही आम्हांस ठाऊक होतें. परंतु आमची सही पातळ नव्हती. ती चांगली ठळक, पूर्ण नांवानिशीं होती, आणि ती तशीच आहे असें लिहून ठेवणें एवढेंच आतां आमच्या हातीं आहे. चित्रकलेच्या त्या शिक्षिकेचा पत्ता आम्ही अद्याप शोधीत आहों.